तुटलेल्या टोकांचा शोध

श्वास नेहमीसारखा चालू द्या. मोजू नका, अडवू नका. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर टेकवा आणि तिथल्या कातडीच्या तळच्या थरातल्या एका पेशीकडे मन न्या. एकाच. ती लवकरच विभागणार आहे.

तिच्या केंद्रकाची रुंदी जेमतेम मिलिमीटरचा शंभरावा भाग. एरवी त्यात सुमारे २ मीटर डीएनए असतो. विभागणीच्या तयारीत त्याची दुसरी प्रत नुकतीच निघाली आहे, म्हणून आत्ता ४ मीटर. प्रत्येक धाग्याशेजारी त्याचा जुळा आहे, अक्षर न अक्षर तसाच.

आता त्यातला एक धागा तुटतो. दोन्ही पदर, एकाच जागी. क्ष-किरणांनी असं होतं. पुष्कळदा बाहेरचं काही लागतही नाही, पेशीच्या रोजच्या कामातच होतं.

घाई करू नका. टोकं नुसती सुटी आहेत, तेवढंच बघा.

तुटलं की जोडून टाकावं, असं आपल्या मनात येतं. पेशीलाही ती वाट ठाऊक आहे. माणसाच्या पेशींत अशा बहुतेक तुटी टोकाला टोक लावूनच सांधल्या जातात. काम भागतं, पण सांध्यापाशी काही अक्षरं गळू शकतात, आणि मूळ मजकूर काय होता हे विचारायला त्या वाटेवर कोणी नसतं.

दुसरी वाट सावकाशीची आहे. तिच्यावर पहिलं पाऊल पडतं तेच उलट्या दिशेने: पेशी तूट आणखी वाढवते. दोन्ही टोकांशी एकेक पदर मागे मागे कुरतडला जातो, शेकडो, कधी हजारो अक्षरं. उरतो तो एकेरी, उघडा पदर. मला या साऱ्या प्रक्रियेतली ही पायरी सर्वांत विलक्षण वाटते. उघडं पडल्याशिवाय त्या पदराला आपल्या जोडीची अक्षरं शोधताच येत नाहीत. इथे दोन श्वास थांबा.

उघड्या पदरावर आता रॅड-५१ नावाची प्रथिनं ओळीने बसतात आणि त्याला ताणून दीडपट लांब करतात. त्यांना तिथे आणून बसवतं बीआरसीए-२ हे दुसरं प्रथिन. मग शोध सुरू होतो. वीज गेल्यावर फडताळात काडेपेटी चाचपणारा हात जसा डब्याला लागतो, वाटीला लागतो, ‘ही नव्हे’ म्हणून पुढे सरकतो, तसाच हा पदर शेजारचा डीएनए चाचपतो. जुळलं नाही की लगेच सोडतो. आठेक अक्षरं सलग जुळली की जरा रेंगाळतो, आणि पुढे तीन-तीन अक्षरं पडताळत जातो. डोळे नाहीत, नकाशा नाही. आहे ते फक्त लागणं आणि सोडणं.

आणि मग जुळा सापडतो.

जुळ्याचे दोन पदर तेवढ्या जागी विलग होतात. तुटलेला पदर मध्ये शिरतो, ए समोर टी, जी समोर सी अशी जोडी लावतो आणि गळालेला मजकूर त्याच्यावरून उतरवून घेतो. कधी हे पदर एकमेकांत फुलीसारखे गुंततात. १९६४ साली रॉबिन हॉलिडे यांनी बुरशीतल्या जनुकांचा अभ्यास करताना अशा गुंत्याची कल्पना मांडली. आजही त्याला हॉलिडे सांधा म्हणतात. शेवटी गुंता सोडवला जातो. दोन्ही धागे वेगळे होतात, दोन्ही पूर्ण.

मनाशी एवढं धरा की ही वाट सदैव खुली नसते. प्रत निघाल्यापासून पेशी विभागेपर्यंत जुळा शेजारी असतो, तेवढाच तिचा खरा काळ.

आणि शोधायला बसवणारं प्रथिनही शाबूत हवं. काही कुटुंबांत याच दुरुस्तीला लागणाऱ्या बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकाची बिघडलेली प्रत पिढ्यान् पिढ्या उतरते. अशा घरांत स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो, आणि ती प्रत वडिलांकडूनही येऊ शकते. तुमच्या घरात असे आजार कमी वयात किंवा एकाहून अधिक जणांना झाले असतील, तर डॉक्टरांना जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारा. विचारताना वडिलांकडच्या आत्या-आजींचीही माहिती सोबत न्या.