परिग्रहाचे परिमाण

अमेरिकेतील सुतार, गवंडी, नळकाम करणारे कारागीर आणि शेतकरी यांचे निर्वाहाचे प्रमुख वाहन म्हणजे पिकअप ट्रक. आणि ज्या ट्रकचा मागील हौदा आखूड आहे त्यावर हत्यारांची पेटी कोणती बसवावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न वरकरणी केवळ मापाचा, पत्र्याचा आणि किमतीचा दिसतो. परंतु मनुष्याने जवळ किती बाळगावे, कशासाठी बाळगावे, आणि त्या बाळगण्याची सीमा कोणी व केव्हा आखावी, हे जे प्रश्न धर्मचिंतकांनी शतकानुशतके हाताळले, ते या निवडीत इतक्या मूर्त रूपाने उपस्थित होतात, की त्यांचा विचार एकदा येथूनच आरंभावा असे मला वाटते.

फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी मोटारीच्या मागे कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तेव्हा त्या गाडीत बसावयास एकच बाक होते. पुढे आठ फुटी हौदा हा कामकरी ट्रकचा दंडक झाला. कारण बांधकामातील प्लायवूडचा तक्ता चार फूट रुंद व आठ फूट लांब असतो, आणि तो आत घालून मागचा फाळका बंद करता आला पाहिजे. कालांतराने तोच ट्रक कुटुंबाचेही वाहन झाला. चालकाच्या पाठीमागे मुलाबाळांसाठी दुसरे बाक आले, चार दरवाजे आले, आणि गाडीची एकंदर लांबी आटोक्यात राखावयाची तर हौदा आखडणे क्रमप्राप्तच होते. आजचा साडेपाच फुटी म्हणून ओळखला जाणारा हौदा सुमारे ६७ इंच लांब असतो. केबिनच्या पाठीशी, हौद्याच्या दोन्ही काठांवर टेकून आडवी बसणारी जी पेटी सर्वाधिक प्रचलित आहे, ती त्यांतील सुमारे २० इंच व्यापते, उरतात ४७. चालकाच्या दाराच्या चौकटीवर भारमर्यादेची जी पट्टी डकवलेली असते, तिच्यात गाडीत बसलेली माणसे आणि मागे लादलेला माल यांचे वजन एकत्रच धरलेले असते. म्हणजे मुलाबाळांचा भार आणि हत्यारांचा भार एकाच हिशेबात येतो. आखूड हौदा हे गृहस्थाश्रमाने उद्योगाशी केलेल्या तडजोडीचे फळ होय, आणि त्याच्यापुढील प्रश्नही गृहस्थाचाच आहे, संन्याशाचा नव्हे.

हत्यारांना इतर मालमत्तेच्या पंक्तीस बसवणे न्याय्य नाही, हे मानवजातीने फार पूर्वी ओळखले. बायबलच्या जुन्या करारात, जात्याचा वरचा दगडसुद्धा तारण म्हणून घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे होय, असा दंडक सांगितला आहे. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने साठाव्या कलमात कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची औते आणि निर्वाहास अवश्य तेवढी जनावरे व बियाणे जप्तीतून वगळली. अमेरिकेच्या दिवाळखोरीच्या कायद्यातही व्यवसायाच्या अवजारांना ठरावीक मूल्यापर्यंत संरक्षण आहे. खंडेनवमीस आपला सुतार करवतीला आणि पटाशीला हळदकुंकू वाहतो, त्यामागेही हीच जाणीव आहे. हत्यार हा हाताचा विस्तार आहे, आणि ज्याच्या हाताला काम आहे त्याच्याकडून ते हिरावून घेण्याचा अधिकार सावकाराला नाही, राजसत्तेलाही नाही.

परंतु जे इतके पवित्र, ते अमर्याद जमवावे काय? या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म ऊहापोह जैन परंपरेत झालेला आढळतो. दिगंबर मुनी तीनच उपकरणे जवळ ठेवतात: संयमासाठी पिच्छी, शौचासाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्र. श्वेतांबर साधू वस्त्र आणि पात्रही बाळगतात. ही वस्त्रपात्रे उपकरणांत मोडतात की परिग्रहात, हा त्या दोन संप्रदायांमधील जुना आणि गंभीर वाद आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीच्या ममत्वाने चित्ताला येणारी बेशुद्धी, असे केले. आणि त्यामुळे परिग्रहाचा निवाडा वस्तूंच्या मोजदादीवरून नव्हे, तर त्यांच्याशी जडलेल्या संबंधावरून करावयाचा हे निश्चित झाले. तथापि संबंध तेवढा शुद्ध ठेवू आणि वस्तू मात्र वाटेल तितक्या ठेवू, अशी पळवाट त्या परंपरेने गृहस्थालाही मोकळी ठेवली नाही. श्रावकाचे, म्हणजे जैन गृहस्थाचे, पाचवे अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचे आहे: आपण किती बाळगणार याची मर्यादा त्याने स्वेच्छेने आणि अगोदरच आखून घ्यावयाची असते.

या व्रताचे सारे मर्म त्या ‘अगोदरच’मध्ये आहे. पेटी घेण्याचा रूढ क्रम असा, की जवळची सारी हत्यारे एकदा मांडून पाहावी, त्यांत पुढे लागतील अशा हत्यारांची भर धरावी, आणि ती सर्व मावतील एवढी पेटी घ्यावी. मला हा क्रम मुळातच उलटा वाटतो. कारण हत्यारांची यादी वाढवणारी वृत्ती बहुधा लोभाची नसते. ती भयाची असते. ‘लागलेच तर’ या दोन शब्दांनी जेवढा संग्रह करविला, तेवढा तृष्णेनेही करविला नसेल. रोजच्या कामाचा पान्ह्यांचा संच, पक्कड, हातोडी, गुण्या, ओळंबा यांच्याविषयी मन निःशंक असते. ज्या हत्याराचा प्रसंग नेमका सांगता येत नाही, तेच हत्यार चित्ताला चिकटून बसते. दूरदृष्टी आणि भय यांतील भेद ओळखण्याची कसोटी हीच: दूरदृष्टीला आपला प्रसंग नाव घेऊन सांगता येतो, भयाला येत नाही.

म्हणून प्रथम ठरवावयाचे ते हौद्यात मोकळे काय ठेवावयाचे हे. ट्रकचे प्रयोजन त्या मोकळ्या जागेत आहे. शेजाऱ्याचे कपाट, गोठ्याचा कडबा, ऐनवेळी आणावयाच्या फळ्या, हे सारे त्या ४७ इंचांच्या भरवशावर चालते. हौद्याच्या तळाशी ठाण मांडून बसणारी अवजड पेटी हत्यारांची बेगमी उत्तम करील, पण वाहनाला वाहन राहू देणार नाही. काठांवर टेकलेली उथळ पेटी घेतली तर तिच्या तळाखाली काही इंचांची पोकळी राहते, त्या पोकळीतून लांब फळ्या पार केबिनपर्यंत सरकवता येतात, आणि झाकण बेताचे असले की मागच्या काचेतून रस्ताही दिसतो. चाकांच्या कमानींपाशी जी जागा एरवी वाया जाते, तेथे बसणाऱ्या लहान पेट्याही याच न्यायाने योग्य ठरतात. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथे न गंजणारे व वजनास हलके ॲल्युमिनियम बरे. जेथे जड हत्यारांची रोजची आदळआपट आहे तेथे पोलाद, त्याचे वजन भारमर्यादेतून वजा होते हे जाणून, घ्यावे. ज्याचा व्यवसाय नित्य तीच तीच हत्यारे मागतो आणि माल वाहणे ज्याचे काम नाही, त्याची पेटी अर्थातच मोठी असेल. परिमाण प्रत्येकाचे निराळे. ते आधी आखण्याचा धर्म मात्र सर्वांना समान.

सीमा आखून झाल्यावर आत जे राहील त्याच्याशी कसे वागावे, हे सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांत सांगितले आहे. मठाच्या हत्यारांची यादी प्रमुखाने स्वतःजवळ ठेवावी, ज्याच्या हाती हत्यार दिले त्याने ते अस्वच्छ ठेवल्यास किंवा हलगर्जीपणे वापरल्यास तो दोष मानावा, आणि कोठारप्रमुखाने प्रत्येक भांड्याकडे वेदीवरील पूजापात्रासारखे पाहावे, असा तो दंडक आहे. स्वामित्वाचा लवलेश नाही, आणि काळजीत कसूर नाही. अमेरिकी लेखक थोरो याने १८४५ च्या मार्चअखेर वॉल्डनच्या रानात घर बांधावयास घेतले ते दुसऱ्याची कुऱ्हाड उसनी घेऊन, आणि मिळाली त्याहून ती अधिक धारदार करून त्याने परत केली. उपकरणाला परिग्रह होऊ न देण्याचे याहून स्वच्छ उदाहरण अमेरिकेच्या वाङ्मयात मला दुसरे आढळले नाही.

मोठ्या संग्रहाने मनुष्य सज्ज होतो, ही समजूत अर्धसत्य आहे. सज्जतेला हत्यार लागते तशी रिकामी जागाही लागते. ज्याच्या हौद्यात दुसऱ्याचे ओझे ठेवावयास ठाव नाही, तो स्वतःच्या कामापुरता सज्ज असेल, परंतु धर्माला अभिप्रेत असलेली सज्जता ती नव्हे. आणि व्रताची खरी परीक्षा खरेदीच्या दिवशी होत नाही. पेटी भरून गेल्यानंतर नवे हत्यार हाती येते त्या दिवशी होते. त्या दिवशी जो अधिक मोठ्या पेटीचा शोध न घेता जुन्यातील एक हत्यार गरजू कारागिराच्या हाती देतो, त्याने परिमाण पाळले.