मत चिन्हाला की माणसाला?

निवडणूक जवळ आली की "फादर, मत कोणाला द्यावे?" असा प्रश्न हमखास कानी येतो. नाव सांगणे हे आमचे काम नव्हे. परंतु मत पक्षाकडे पाहून द्यावे की उमेदवाराकडे, हा त्यामागील प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचा आहे.

मे २०१९ मध्ये साताऱ्याने उदयनराजे भोसले यांना राष्ट्रवादी काँग्रेसच्या घड्याळावर सव्वा लाखाहून अधिक मताधिक्याने लोकसभेत पाठविले. सप्टेंबरात ते राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांच्याकडून सुमारे ८७ हजार मतांनी पराभूत झाले. माणूस तोच, घराणे तेच; बदलला होता तो पक्ष. (शरद पवारांच्या भर पावसातील सभेचा वाटा असेलच.) तरीही ही केवळ पक्षनिष्ठा होती असे आम्हांस वाटत नाही. कौल घेऊन पाच महिन्यांत वाट बदलणे लोकांना रुचले नसावे, आणि ही तर माणसाचीच पारख झाली.

सांगलीत २०२४ साली महाविकास आघाडीची जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाचे पैलवान चंद्रहार पाटील यांना मिळाली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांच्या फरकाने निवडून आले. निकालानंतर त्यांनी पाठिंबा दिला तो काँग्रेसलाच. तेव्हा मतदारांनी माणूस निवडला की मनातला पक्ष, हे सांगणे कठीण.

"आम्ही फक्त माणूस बघतो" असे म्हणणाऱ्यांनी १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आठवावा. पक्षाचा आदेश मोडून सभागृहात मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. सज्जन खासदाराची सज्जनता तेथे अडकून पडते. मात्र संसदेच्या स्थायी समित्यांत पक्षादेश चालत नाही. अभ्यासू माणसाचा उपयोग तेथे होतो.

आणि डोळे मिटून चिन्ह दाबणाऱ्यांसाठीही साताराच आहे. २०२४ मध्ये भाजपच्या उमेदवारीवर उदयनराजे सुमारे ३२ हजार मतांनी विजयी झाले. प्रतिस्पर्धी शशिकांत शिंदे यांचे चिन्ह तुतारी वाजविणारा माणूस हे होते. त्याच यंत्रावर एका अपक्षाचे चिन्ह ट्रम्पेट होते, लोकांच्या तोंडी पिपाणी. त्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. सारीच चुकून पडली असे म्हणता येणार नाही. परंतु यंत्रावर नाव होते, छायाचित्रही होते.

हल्ली कोणी मत विचारावयास आले की आम्हीच उलट विचारतो, "उमेदवाराचे नाव काय?" पुष्कळदा उत्तर येते ते चिन्हाचे.