न मोजलेला खर्च कोण सोसतो?

मनुष्यानें एखादी वस्तु विकत घेतली म्हणजे तिचा खर्च त्यानेंच सोसला असें आपण समजतों. हें नेहमींच खरें असतें काय? मोटारसायकलीचें उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा विचार करूं.

कामाचें ठिकाण गांवापासून पंधरा किलोमीटर दूर असेल, तर गाडी ही चैन नव्हे. एस. टी. चुकल्यामुळें बुडणारी मजुरी तिच्यामुळें वांचते, व रात्रीं दुखणेकऱ्यास दवाखान्यांत नेतां येतें. म्हणून गाडी घेणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. प्रश्न हिशेबाचा आहे.

समजा, एका गृहस्थानें ८०,००० रुपये कर्ज तीन वर्षांकरितां, दरसाल दरशेंकडा १० ह्या सरळ व्याजानें काढलें. व्याज २४,००० रुपये होतें व मासिक हप्ता सुमारें २,८९० रुपये पडतो. मुद्दल दरमहा फिटत जातें, परंतु व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारलेलें असतें. त्यामुळें खरा दर शेंकडा १८ च्या घरांत जातो. पुढें पेट्रोल. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. गाडी लिटरास ५० किलोमीटर चालली, तर १५ लिटर लागेल. लिटरास १०० रुपये धरिले तरी १,५०० रुपये झाले. ऑइल, टायर, चेन, ब्रेक व पुढील विमा ह्यांसाठीं दरमहा ५०० बाजूस ठेविले, तर एकूण ४,८९० होतात. दुकानांत जो आंकडा ऐकून त्यानें मान डोलाविली, त्याहून हा २,००० रुपयांनीं अधिक आहे.

हे २,००० येतात कोठून? पत्नीच्या मजुरींतून, मुलीच्या शाळेच्या पैशांतून, किंवा वाण्याच्या उधारींतून. न मोजलेला खर्च नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्याच्या पदरांत पडतो, आणि त्या दुसऱ्यास कोणी विचारलेलें नसतें.

विम्याचेंही असेंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा केला आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तो एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो. परंतु सहाव्या वर्षीं त्याची आठवण मालकानेंच ठेवावयाची असते. तो चुकविला व एखाद्या वाटसरूचा पाय मोडला, आणि भरपाई देण्याची मालकाची ऐपत नसली, तर वांचविलेल्या पैशांची किंमत तो वाटसरू भरतो.

कोणी म्हणेल, इतका हिशेब केल्यास गरिबास गाडी कधींच घेतां येणार नाहीं. तसें नव्हे. गाडी घेण्यापूर्वीं तीन महिने, एस. टी.चें भाडें वजा करून, तेवढी रक्कम खरोखरच बाजूस ठेवून पाहावी. घरांत कोणाचें पोट किंवा पुस्तक त्यापायीं कमी न पडलें, तर गाडी खुशाल घ्यावी. सांठलेल्या पैशानें कर्जही तितकें कमी होईल. कमी पडलें, तर जुनी गाडी पाहावी किंवा कांहीं काळ थांबावें.

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, हा दृष्टांत आपण सर्व जाणतों. मोजावयास बसतांना घरच्या माणसांसही जवळ बसवावें. कारण ज्यांनीं भार वाहावयाचा, त्यांस तो आधीं कळणें हाच न्याय होय.