रांगेबाहेरचा ख्रिस्ती

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. कॅथलिक मुलांच्या पहिल्या परमप्रसादाचे दिवस जवळ आले की आमच्याकडे पांढऱ्या झग्यांची कामं येतात. वर नेट, आत सॅटिनचं अस्तर, गळ्याला बारीक लेस. असाच एक झगा मी माझ्या मुलीसाठीही शिवला. तिची आई वसईची, कॅथलिक. लग्नाच्या वेळी मुलं कॅथलिक वाढवायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे मुलगी रांगेत गेली आणि तिने परमप्रसाद घेतला. मी बाकावर बसून होतो. मीही ख्रिस्तीच आहे, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, आमच्या मंडळीत नेमाने प्रभुभोजन घेणारा. पण मी सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. ती रांग माझी नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. आमचे पाळक प्रभुभोजनाच्या आधी जाहीर करतात की इतर चर्चच्या सभासदांनीही यावं. माझी बायको तरी येत नाही, कारण प्रोटेस्टंट पाळकाच्या हातून घेण्याची मुभा तिचं चर्च तिला देत नाही. प्रभुभोजन कुणी घ्यावं हा धर्मशास्त्राचा प्रश्न असेल. आमच्या घरात तो रविवारी सकाळी स्कूटर लष्कर भागातून कुठल्या बाजूला वळवायची, असा येतो.

शेजारच्या दुकानातले काका मराठीच. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत इकडे आले. ते मला विचारतात, "अरे, आमच्याकडे प्रसादाला हात पुढे केला की झालं. तुमच्यात आधी चौकशी कसली करतात?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं निम्मं उत्तर त्यांच्याच घरात आहे. वडिलांच्या काळापासून गणपतीत त्यांच्याकडून आम्हाला मोदकांचा डबा येतो, आणि ते मोदक नैवेद्य दाखवण्याआधीच बाजूला काढलेले असतात. आम्ही नैवेद्याचं घेत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मूर्तीपुढचं अन्न खावं की नाही, यावर पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं त्याला जवळपास दोन हजार वर्षं झाली, आणि टोपी बाजारात त्या वादाचा निकाल एका डब्यात लागला. काकांना त्यात अपमान वाटला नाही. मी नको म्हणतो ते माझ्या वेदीपायी. त्यांच्या हाताला त्यात कुठे विटाळ नाही.

हा फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायले, कुणी कप नुसता हातात घेतला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. त्या ग्रामण्यात चहा पिणाऱ्याची श्रद्धा काय, हे कुणी विचारलं नाही. कप कुणाच्या हातचा, एवढाच सवाल होता. म्हणून कुठलंही बंद ताट पाहिलं की मी आधी तपासतो, की इथे माणसाची श्रद्धा विचारतात की हात पाहतात.

कॅथलिकांची बाजू या कसोटीवर सहज फेटाळता येत नाही. त्यांचं म्हणणं असं, की एका वेदीवरून घेणं ही आधीच असलेल्या एकीची खूण आहे. एकी नसताना खूण तेवढी करणं म्हणजे खोटं बोलणं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेसही हेच मानतात, किंबहुना जास्त कडकपणे. आणि वाद पोकळ नाही. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचं जमलं. पंधराव्यात भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं का, या एका मुद्द्यावर फिसकटलं. दोघेही प्रोटेस्टंट, दोघेही रोमशी भांडलेले, तरी एका मेजावर आले नाहीत. ज्याला ही भाकर नुसती आठवण वाटते आणि ज्याला ती साक्षात प्रभू वाटते, ते दोघे शेजारी गुडघे टेकून वेगवेगळ्या गोष्टी करत असतात, हे मला पटतं.

नुसतं एकत्र खाल्ल्याने सगळं साधतं, असंही नाही. करिंथमध्ये सगळे एकाच मंडळीचे होते. तरी पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन तृप्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल चिडला तो त्यावर. आपल्या देशात तंजावरकडच्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती आधी घेत, बाकीचे मागून. काही ठिकाणी प्यालेही वेगळे होते. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा असं फर्मान काढलं, तेव्हा अनेकांनी प्याल्यापेक्षा जात जवळची मानून मंडळीच सोडली. चर्च एक, वेदी एक आणि पंगती दोन. ज्या रांगेत मला प्रवेश नाही त्या रांगेपेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं.

इथवर मी रोमच्या बाजूने बोललो. माझी अडचण यापुढे आहे. श्रद्धा वेगळी म्हणून ताट वेगळं हे मान्य. पण माझं चर्च माझ्या श्रद्धेने ठरलेलं नाही. माझे आजोबा अहमदनगरचे. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, म्हणून ते काँग्रिगेशनल. पोटासाठी ग्वाल्हेरला आले, इथे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं, म्हणून ते प्रेस्बिटेरियन. १९२४ मध्ये ही दोन्ही चर्चेस एक होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, तेव्हा ते त्यातले. वडील १९७० नंतर सीएनआय. चार पाट्या बदलल्या आणि घरातली प्रार्थना तीच राहिली. आजोबा नागपुरात जन्मले असते तर हिस्लॉपच्या स्कॉटिश मिशनमध्ये गेले असते. मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. माणसाने कुठला ख्रिस्ती व्हायचं हे त्याच्या तालुक्यावर ठरे.

बायकोकडेही तेच. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, म्हणून तिचे पूर्वज कॅथलिक. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, लोकांची श्रद्धा राहिली. ती त्यांनी मनापासून जपली, जशी आम्ही आमची जपली. पण आमच्या दोघांच्या मधली भिंत एका सुलतानाच्या तहाने आणि बोस्टनच्या एका मिशन मंडळाच्या निर्णयाने उभी राहिली. ती मारबुर्गच्या वादातून आमच्या घरात आली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भिंती पाडता येतात, हे आपल्याच लोकांनी दाखवलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चेस एक झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. काम सोपं नव्हतं. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानत नाहीत, अँग्लिकनांना बिशपाच्या हाताशिवाय दीक्षा चालत नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवल्या. सगळ्या पाळकांवर नव्याने हात ठेवून प्रार्थना केली, म्हणजे कुणाची दीक्षा खरी हा प्रश्न पुढे कुणी काढू नये. आधी चर्चा आणि समझोते झाले, त्यानंतर एक मेज मांडलं गेलं. रोमचा हट्टही हाच आहे की एकी आधी आणि मेज मागून, आणि नागपूरला ते जमलं.

रोमची दारंही पूर्ण बंद नाहीत. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतलं ८४४ वं कलम सांगतं, की मरणाची भीती असेल किंवा बिशपाला गंभीर वाटेल अशी गरज असेल, तर माझ्यासारख्यालाही परमप्रसाद देता येतो. अटी अशा: त्याला स्वतःच्या पाळकापर्यंत जाता येत नसावं, त्याने आपण होऊन मागावं, मन तयार असावं आणि त्या भाकरीबद्दल त्याची श्रद्धा कॅथलिक असावी. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन ऑर्थोडॉक्सांचे पॅट्रिआर्क झक्का यांनी, आपला पाद्री जवळ नसेल तेव्हा एकमेकांच्या लोकांना संस्कार देण्याचं मान्य केलं. २०१५ मध्ये रोमच्या ल्यूथरन चर्चमध्ये, कॅथलिक नवरा असलेल्या एका बाईने पोप फ्रान्सिस यांना आमचाच प्रश्न विचारला. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. प्रभूशी बोला आणि पुढे जा, अशा अर्थाचं सांगितलं. २०१८ मध्ये जर्मन बिशपांनी अशा जोडप्यांसाठी मसुदा केला. रोमने आधी तो थांबवला, मग तो केवळ मार्गदर्शक टिपण म्हणून बाहेर आला.

माझं स्वतःचं विचाराल तर ती भाकर मला नुसती आठवण वाटत नाही. प्रभू तिथे स्वतःला देतो असं मी मानतो. कसं देतो, ते मला सांगता येत नाही. रोमला एवढं पुरेल का? कदाचित नाही. पण बायकोच्या चर्चमध्ये रांगेत उभ्या असलेल्यांनाही दर रविवारी कुणी हे विचारत नाही. त्यांचं नाव तिथल्या नोंदवहीत आहे, तेवढं पुरतं. मला तर आयुष्यात एकदाही कुणी विचारलेलं नाही. माझा पाळक याच शहरात आहे, म्हणून माझी गरज गंभीर ठरत नाही. नवरा-बायकोने एका प्रभूचं नाव घेऊन आयुष्यभर दोन मेजांवर जावं, ही गरज कलम लिहिणाऱ्यांच्या यादीत बसत नाही.

न बोलावता रांगेत घुसावं, असं मला वाटत नाही. ओळखपाळख नसलेल्या फादरपुढे जाऊन गुपचूप हात पुढे करणं सोपं आहे, पण ज्याच्याकडून घ्यायचं त्याला फसवून घेतलेलं काय कामाचं? छातीवर हात आडवे धरून गेलं तर फादर आशीर्वाद देतात. तो मी घेतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही.

पण गंभीर गरज कोणती हे ठरवण्याचा अधिकार त्याच कलमाने इथल्या बिशपाला आणि इथल्या बिशपांच्या परिषदेला दिला आहे. त्यासाठी रोमकडे पाहत बसायला नको. त्यांनी आमच्यासारख्या घरांना बोलवावं, नवऱ्याला आणि बायकोला समोर बसवून भाकरीबद्दल काय मानता ते विचारावं आणि मग हो किंवा नाही सांगावं. नाही आलं तर मी बाकावरच बसेन, कारण तेव्हा ते माझ्या श्रद्धेला मिळालेलं उत्तर असेल. आजोबा कुठल्या जिल्ह्यात जन्मले, यावरून मिळालेला नकार मात्र मला पंचहौदच्या चहासारखा वाटतो.