पातक कोणाच्या मानेवर?

प्राचीन सुमेर देशात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकात, राजाचा स्वतःचा असा एक पालक देव असे. थोर देवांपुढे राजाची रदबदली तोच करी. ख्रि. पू. २१०० च्या सुमारास लगाशवर राज्य करणाऱ्या गुदेयाच्या मुद्रेवर त्याचा पालक देव निंगिशझिदा त्याला हाताला धरून थोर देवासमोर नेताना दिसतो.

परंतु राजाने अन्याय केला तर? याच लगाशवर ख्रि. पू. २४ व्या शतकात उम्माचा राजा लुगालझागेसी चालून आला. त्याने देवळे जाळली व लुटली. लगाशच्या कोणा लेखकाने एकेका देवळाचे नाव घेऊन तो विध्वंस मातीच्या पाटीवर नोंदला. शेवटी तो म्हणतो की, आमचा राजा उरुकागिना निर्दोष आहे. हे पातक लुगालझागेसीची देवी निसाबा हिने आपल्या मानेवर वाहावे.

आग लावली राजाने आणि ओझे मात्र देवीवर! तरीही त्या लेखकाने एक सत्य ओळखले होते. ज्याच्या नावाने आपण बळ मागतो, त्याच्या नावाला आपल्या कृत्याचा डाग लागतो.

आपणही व्यवहाराला वा कोर्टकज्जाला निघताना “प्रभू, सांभाळ” म्हणतो. ते काम न्यायाचे आहे काय, हे आधी विचारतो काय? ख्रिस्ताने आपले पाप स्वेच्छेने वाहिले, हा आपला विश्वास आहे. म्हणून जाणूनबुजून नवे ओझे त्याच्यावर लादण्याची मुभा आपल्याला मिळत नाही.