चंदन आणि रबर

झिजणे या क्रियापदाला मराठी मनाने जी प्रतिष्ठा दिली आहे, ती अन्य क्रियापदांच्या वाट्याला क्वचितच आली असेल. चंदन झिजते म्हणून ते वंद्य, आई संसारात झिजते म्हणून ती पूज्य. आणि कचेरीत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या गृहस्थाच्या निरोपसमारंभात चंदनाची उपमा आली नाही, असे सहसा घडत नाही. या उपमेविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु झिजणे हे सर्वत्र आणि सर्वकाळ पुण्यप्रदच असते काय, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो. त्याचे उत्तर देवघरातील सहाणेपेक्षा गॅरेजातील एका क्षुल्लक वस्तूपाशी अधिक स्पष्ट सापडते, असे आमचे मत आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीच्या सस्पेन्शनमधील रबरी बुश.

सरकारी नोकरीनिमित्त परप्रांतात आयुष्य गेलेल्या आमच्या वाचकांना अँबॅसडर मोटारीची ओळख करून देण्याचे कारण नाही. 'मॉरिस ऑक्सफर्ड' या इंग्रजी गाडीच्या धर्तीवर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास तयार होणारी ही गाडी २०१४ साली निघायची बंद झाली. तथापि जिव्हाळ्याने सांभाळलेल्या अँबॅसडर अजूनही रस्त्यावर दिसतात. तिच्या मागच्या आसाला पोलादी पाट्यांच्या कमानींचा आधार असतो. कमानीचे टोक वळवून त्याचा डोळा केलेला असतो, डोळ्यातून पिन जाते, आणि पिन व डोळा यांच्यामध्ये रबराचा एक लहानसा पोकळ तुकडा बसवलेला असतो. तोच बुश. पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या आर्मच्या मुळाशीही असे बुश असतात. पोलादाला पोलाद भिडू नये, चाकाला बसलेला धक्का सांगाड्यापर्यंत जसाच्या तसा पोचू नये, आणि तरीही चाक आपल्या जागेवरून ढळू नये, अशी ही तिहेरी कामगिरी आहे. दबावे, पिळले जावे आणि पुन्हा मूळ आकारास यावे, हा बुशचा धर्म. कच्च्या रबराच्या अंगी हा गुण टिकत नाही. गंधकाबरोबर तापवल्यानेच तो स्थिर होतो. हा शोध चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली लावला.

असा हा बुश कालांतराने झिजतो. उष्णतेने तो कडक होतो, तेलाने फुगतो, हवेतील ओझोनमुळे त्याला चिरा पडतात, आणि लक्षावधी हेलकावे खाऊन त्याचे भोक सैल होते. येथवर त्याची आणि चंदनाची कथा एकच. पुढे मात्र दोघांच्या वाटा फुटतात. चंदनाचे खोड झिजून संपले, तर गंध मिळणे थांबते. कोणाचे काही बिघडत नाही. बुश झिजून संपला, की त्याने सोसायचे ते दुसऱ्याला सोसावे लागते. चाक किंचित तिरपे होते व टायर एकाच कडेने खरवडला जातो. ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढू लागते. पिन डोळ्यावर आदळून त्याचे गोल भोक लांबट होते. अल्प किमतीची वस्तू वेळीच न बदलल्याने मोलाच्या वस्तू निकामी होतात. तात्पर्य, मर्यादेपलीकडची झीज हा त्याग राहत नाही. तो इतरांवर न सांगता लादलेला भार होतो.

मग ही मर्यादा ओळखावी कोणी? येथे खरी अडचण आहे. बुश एका दिवसात खराब होत नाही, आणि रोज गाडी चालवणारा रोज थोडाथोडा सरावत जातो. चक्र जरासे एका बाजूला धरून ठेवायची त्याच्या हातांना सवय होते. खड्ड्यात खालून 'ठक्' असा आवाज आला, तर 'जुनी गाडी, वाजायचीच' असे तो म्हणतो. एखादा परका मनुष्य चालवायला बसला, तर पहिल्या मैलातच त्याला दोष जाणवतो. म्हणून जाणता मिस्त्री चालकाच्या सांगण्यावर विसंबत नाही. तो गाडी उचलतो, सांध्यात पहार घालून हलवून पाहतो, आणि मग निकाल देतो.

खात्यांची स्थिती याहून निराळी नाही. अधिकाऱ्याची जागा ही बुशचीच जागा आहे. वरून हुकूम, खालून गाऱ्हाणी. दोहोंच्या मध्ये राहून दोन्ही दाब सोसायचे आणि राज्यकारभाराचे चाक ढळू द्यायचे नाही. ज्याची ही लवचीकता संपली, तो वाईट मनुष्य असतो असे नाही. बहुधा तो प्रामाणिक व कष्टाळूच असतो. परंतु त्याचे मसुदे रात्री हाताखालचा सहायक पुन्हा लिहून काढत असतो, आणि एका सहीसाठी कोणी म्हातारी तिसऱ्यांदा तालुक्याला खेटा घालत असते. समारंभात त्याच्या झिजेचे गुणगान होते. खरवडल्या गेलेल्या टायरचा उल्लेख कोणी करत नाही. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ केले आणि १९९८ साली ६० केले. वयाची ही रेषा ओबडधोबड आहे खरी. कित्येक त्यापूर्वीच संपलेले असतात, कित्येक त्यानंतरही धडधाकट असतात. तथापि तिचा एक गुण मान्य केला पाहिजे: ती झिजणाऱ्याची स्वतःविषयीची साक्ष घेत नाही.

बदलणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे, आणि तेही गॅरेजातच शिकावे. बुश कुरकुरू लागला, की काहीजण त्यावर तेल सोडतात. आवाज थांबतो, पण तेलाने रबर फुगून लवकर नासते. कुरकुर थांबवणे आणि दुखणे बरे करणे, या भिन्न गोष्टी आहेत. दुसरे असे की, बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकीकडे नवा व दुसरीकडे जुना असला, तर चाकांची चाल समान राहत नाही. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. गाडी उचललेली असताना, चाके अधांतरी लोंबत असताना, बोल्ट अखेरचा आवळू नये. तसा आवळल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते व थोड्याच काळात फाटते. प्रथम सैल बसवावे, गाडी चाकांवर उभी करावी, तिचा भार पडू द्यावा, आणि मगच आवळावे. नव्या माणसाला कामाचा प्रत्यक्ष भार अंगावर येण्यापूर्वीच जे नियमांत करकचून आवळतात, त्यांनी पुढे तो लवकर तुटला म्हणून त्याला दोष देऊ नये.

यावर असा आक्षेप येईल की, मनुष्य म्हणजे रबराचा तुकडा नव्हे. झिजला की भंगारात टाकावा, हे कोणते नीतिशास्त्र? आक्षेप योग्य आहे. मनुष्याला केवळ साधन मानू नये, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ सालीच बजावले आहे. परंतु या भेदाने मनुष्याची जबाबदारी कमी न होता वाढते. बुशला आपली झीज कळत नाही. मनुष्याला ती कळू शकते, निदान दुसऱ्याला विचारता येते. बुशला जागा सोडता येत नाही; मनुष्याला येते, आणि जागा सोडल्यावरही त्याचे मनुष्यपण, अनुभव व मान त्याच्यापाशीच राहतात. आमच्या पूर्वजांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला, तो गृहस्थ टाकाऊ झाला म्हणून नव्हे. आपण होऊन बाजूला होणे हेही एक कर्तव्य आहे, हे त्यांनी जाणले होते म्हणून.

तेव्हा चंदनाची उपमा टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाने हाताखालच्या माणसांना, आणि शक्य तर बाहेरून आलेल्या एखाद्या तटस्थालाही, एवढे मात्र विचारून पाहावे: आपल्या झिजेतून गंध निघतो आहे, की दुसऱ्या कोणाचे टायर खरवडले जात आहेत? उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी, म्हणजे झाले.