नकार देणारा हात

1961 या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये ‘विक्रांत’ ही पहिली विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली, आणि जूनमध्ये देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यास निघाली. या शाळेतील एखाद्या मुलाने पुढे वैमानिक व्हावे व नौकेच्या डेकवर विमान उतरवावे, हे स्वप्न त्या काळी स्वाभाविकच होते. आज त्या स्वप्नातील वैमानिकच अनावश्यक ठरू पाहत आहे.

10 जुलै 2013 रोजी अमेरिकेचे एक्स-47बी हे विमान चालत्या विमानवाहू नौकेवर, वैमानिकावाचून, आपला आकडा तारेत अडकवून दोनदा उतरले. तिसऱ्या खेपेस आपल्याच संगणकात बिघाड झाल्याचे त्याला कळले, आणि ते नौका सोडून किनाऱ्यावरील धावपट्टीकडे वळले. नोव्हेंबर 2024 मध्ये तुर्कस्तानचे टीबी-3 ‘अनादोलू’ या नौकेवरून उडाले व परत तिच्यावरच उतरले. आपल्याकडे 1 जुलै 2022 रोजी चित्रदुर्ग येथे असेच एक प्रायोगिक विमान जमिनीवरून उडून आपले आपण उतरले.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. हा प्रश्न साताऱ्याच्या मातीत उभे राहून विचारला, तर त्याचे वजन कळते. अपशिंगे या एका गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या आयांना कोणी म्हटले असते, ‘बाई, तुमच्या मुलाऐवजी यंत्र जाईल,’ तर त्यांनी कोणता आक्षेप घेतला असता? स्वतःचा जीव धोक्यात न घालता मारणे हे शौर्य नव्हे, असे पुष्कळजण म्हणतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. मारणाऱ्याच्या शौर्याने मारणे न्याय्य होत नाही. आणि युद्धाची शोभा राहावी म्हणून कोणाच्या मुलाने मरावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु याच जिल्ह्याला बंदुकीचे दुसरे टोकही ठाऊक आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळ्या झाडल्या गेल्या. ते गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. तेव्हा दोन्ही गावे साताऱ्याचीच होती. बंदुकीचे चाप ओढणारे हात माणसांचेच होते, आणि ते थांबले नाहीत. म्हणून माणूस असला की दया असतेच, असे मी म्हणणार नाही.

तथापि 1930 साली पेशावरला चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्याचे नाकारले आणि त्यासाठी तुरुंग भोगला. माणसाच्या हातात नकार असतो. तो बहुधा वापरला जात नाही. पण असतो, आणि तो असतो म्हणूनच न वापरणाऱ्याला जाब विचारता येतो. एक्स-47बीला संशय आला, तो स्वतःच्या यंत्रणेचा, हुकमाचा नव्हे. त्याला नियम शिकविता येतील, चुकीचे लक्ष्य वगळावयासही शिकविता येईल. पण हिशेब चुकला म्हणून थांबणे निराळे, आणि शिक्षा पत्करून ‘हे मी करणार नाही’ म्हणणे निराळे.

म्हणून रेषा कोठे ओढावी, ते मला स्पष्ट दिसते. विमानाने एकट्याने उतरावे, टेहळणी करावी, इंधन वाहावे. अमेरिकेनेही पुढे एमक्यू-25 हे नौकेवरचे विमान इंधन पुरविण्यासाठीच हाती घेतले. मात्र शस्त्र सुटण्याच्या क्षणी एक माणूस असावा: ज्याला नाव आहे, विचार करावयास अवधी आहे आणि नाही म्हणण्याचा हक्क आहे. उद्या साताऱ्याच्या शाळेतील मुलगा विमानात न बसता पडद्यासमोर बसेल. त्याला नेम शिकवावा, तसा हा हक्कही शिकवावा.

अपशिंग्याची आई विचारते, माझा मुलगा परत येईल का? वडूजची आई विचारते, गोळी कोणी झाडली? यंत्र पहिल्या आईला उत्तर देऊ शकेल. दुसरीला उत्तर देण्यासाठी माणूसच उभा राहिला पाहिजे.